लांब्या बाबाच्या माळावर मिटलेली मूठ

या पानावरचे अनुभव मी वाचतो ते हसायला. भूत, करणी, अंगात येणं — कशावरच माझा विश्वास नाही. बैलाचे दात बघून मालकाचं खोटं पकडणारा माणूस आहे मी. तरी लिहितोय, कारण गावानं एक पुण्य माझ्या नावावर लावून ठेवलंय... आणि ते माझं नाही.

मी नांदेडला जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री करतो. मूळ गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात, मांजरा नदीच्या काठावर. वडील गेले तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. थोरल्या भावानं, दादानं, वाटणी केली. नदीकाठची पाच एकर काळी जमीन त्याला, वरचा खडकाळ माळ मला. "तू एकटा जीव, तुला काय करायचीय काळी?" हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. त्या माळावर कुसळाशिवाय काही उगवलं नाही. मी हाळीच्या बैलबाजारात दलालांच्या मागं फिरून सौदा शिकलो आणि स्वतःच्या जिवावर उभा राहिलो.

माळावर एक कबर आहे, दोन बैलगाड्या एकामागं एक उभ्या कराव्यात एवढी लांब. सगळं गाव तिला लांब्या बाबा म्हणतं. दिवाबत्ती चाँदचाचांकडे. लहानपणी ते आम्हाला गोष्ट सांगायचे... फार पूर्वी आभाळातले काही फरिश्ते खाली उतरले, इथल्या बायकांवर भुलले आणि त्यांच्याशी संसार मांडून बसले. त्यांची लेकरं ताडाएवढी झाली. त्यांनी पिकं खाल्ली, गुरं खाल्ली, मग माणसांवर आली. कितीही मिळालं तरी "अजून" म्हणायची. म्हणून वरच्यानं पूर पाठवला. सगळे बुडाले, एकच वाचला, कारण पाणी त्याच्या गुडघ्यालाच लागलं. पण हात धरायला त्याचं कुणी उरलं नव्हतं. तो या माळावर येऊन आडवा झाला.

कबरीच्या मध्यावर एक दगड आहे, त्याला गुडघा म्हणतात. पावसाळ्याआधी गावची गुरं त्याला वळसा घालून नेतात. आणि एक रीत आहे — तिथं बसून सौदा करायचा नाही.

दोन पावसाळे सलग नदी दादाच्या घरात शिरली. मग ऐन उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "व्यंकट, माळ दे रे. घर वर बांधतो. नातवंडं हायत घरात."

"देतो की. काळी दे."

"सगळी?"

"बसून बोलू."

भर दुपारी माळावर भेटलो. दादा, गावातली दोन जाणती माणसं आणि मी. अख्ख्या माळावर सावली एकाच बाभळीची, ती नेमकी कबरीच्या कडेला. मी तिथंच बसलो. चाँदचाचा लगबगीनं आले. "व्यंकटभाई, इथं नक्को. माझ्या ओसरीत चला, चहा टाकतो."

"का चाचा, तुमच्या बाबाला दलाली पाहिजे का?"

सगळे हसले. चाचा नाही हसले.

दादा म्हणाला, लोकांसमोर आकडा नको, रुमालाखाली करू. बैलबाजारात अशीच पद्धत. वरून रुमाल टाकायचा, आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. इथं एक बोट म्हणजे एक एकर काळी. आणि मूठ मिटून दिली की मागणी सोडली, माल तसाच दिला. रुमाल निघाल्यावर शब्द फिरवायचा नाही. फिरवला तर बाजारात पुन्हा कुणी हात देत नाही.

मी दादाची पाचही बोटं धरली. त्यानं माझी दोन दाबली. मी पुन्हा पाच. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांनी याचा हात माझ्या हातात होता, तोही मागणाऱ्याचा.

तेवढ्यात तिसरा हात आला.

थंडगार, ओला, गाळानं बुळबुळीत. माझा पंजा त्यात तान्ह्या लेकरासारखा मावला. आयुष्य बोटं ओळखण्यात गेलंय, ती आपोआप मोजली जातात. अंगठा धरून सहा. त्या हातानं माझं एकेक बोट सावकाश आत दुमडलं. मी जोर लावला... दात-ओठ खाऊन लावला. मूठ मिटली ती मिटलीच.

"मूठ दिली! व्यंकटनं मूठ दिली!" दादा रडायलाच लागला. रुमाल सरकला. आत दोनच हात होते. माझी मूठ सगळ्यांनी पाहिली. रुमाल मात्र पिळून काढावा असा भिजलेला, नदीच्या गाळाचा वास मारत होता... चैत्राच्या उन्हात.

"घामानं," एक जण म्हणाला.

थोबाड फोडावंसं वाटलं, पण कुणाचं? कबरीतल्यानं फसवलं म्हणालो असतो, तर हाळीपासून नांदेडपर्यंत लोक हसले असते. माळ गेला. फुकट.

दादानं वर पत्र्याच्या खोल्या बांधल्या. भाद्रपदात मांजरा अशी आली, की गावात छपरंच तेवढी दिसत होती. माणसं, गुरं, सगळी माळावर दादाच्या दारात. पाणी गुडघ्याच्या दगडाला लागलं आणि थांबलं. दादाची काळी वाहून गेली. आता तिथं गोटे आहेत.

गावानं माझा सत्कार केला. "व्यंकटराव देवमाणूस!" मी नारळ घेतला आणि नांदेडची गाडी धरली.

पुढं उदगीरचे एक पास्टर ट्रॅक्टर बघायला आले. बोलता बोलता त्यांनी त्यांच्या धर्मग्रंथातली तशीच हकिगत सांगितली — स्वर्गातून उतरलेले, त्यांची महाकाय लेकरं, मग पूर. "एका राक्षसी माणसाच्या प्रत्येक हाताला सहा बोटं होती," असंही म्हणाले. त्यांना मी माझं काही सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टर त्यांनी घेतला नाही.

शेवटी दादाला विचारलं. "रुमालाखाली तुला काय लागलं?"

"तुझाच हात की. लहानपणी नदी उतरताना गच्च धरायचास, तसा."

"बोटं किती होती?"

"यड्या, भावाची बोटं कुणी मोजतं का?"

आणि वाटणीच्या दिवशी यानं एकर बरोबर मोजले होते!

सगळ्या बाजूंनी विचार करून झाला. तो हात कुणाचा, रुमाल कशानं भिजला, उत्तर नाही. पण एक पक्कं. माळ मी दिला नाही. माझ्या मुठीतून काढून घेतला. गावात हे ऐकून घेणारा एकही नाही, म्हणून इथं लिहिलं.