कपाटाची पाठ

अंधेरीच्या गावठाणातला तो सुतार रंधा उचलण्याआधी कानावरच्या पेन्सिलीनेच कपाळाला, छातीला, खांद्यांना क्रुसाची खूण करायचा. पंच्याऐंशीच्या सुमारास मी त्याला कपाट सांगितलं. रविवारी बहिणीला बघायला पाहुणे येणार, आणि शुक्रवारी हा कपाटाच्या पाठीला पॉलिश करत बसलेला!

"अहो, ती बाजू भिंतीला लागणार. कोण बघतंय?"

"ज्याचं काम करतो तो."

"काम माझंच आहे ना!"

"कपाट तुमचं, साहेब. काम त्याचं." त्याने भिंतीवरच्या क्रुसाकडे पेन्सिल रोखली. "येशूपण सुतारच होता. घाई असेल तर दुसरा बघा."

दोन दिवसांत दुसरा कुठला मिळणार? शनिवारी कपाट आलं आणि भिंतीलगत मावेना. माप अर्थात मीच घेतलेलं. शेवटी ते आमच्या एकुलत्या खोलीत मधोमध उभं राहिलं, पाहुण्यांकडे पाठ करून.

मुलाच्या वडिलांनी त्या पाठीवरून हात फिरवला. "चोख माणसं दिसता!" लग्न ठरलं.

पेढे घेऊन सुताराकडे धावलो, सगळं सांगितलं. पुढच्या कपाटाची पाठ घासता घासता तो म्हणाला, "तुमच्या पाहुण्यांसाठी नव्हतं केलं ते."