अदलाबदलीची पक्कड

"एक टोक सापडलं म्हणून उड्या मारू नका, दुसरं कुठं पडलंय ते बघा."

हे वाक्य आप्पांच्या तोंडी कायम असायचं. कुणाचा पंखा बंद पडो, कुणाच्या घरात भावाभावांचं बिनसो, की कुणाच्या पोरीला चांगलं स्थळ येवो, आप्पा आधी हेच बोलणार. त्यांची लेक लहानपणी त्यांच्या पाठीमागं उभी राहून नुसते ओठ हलवायची, आणि आई पदरात हसू लपवायची.

आप्पा सैन्यात तारवाले होते. पुढच्या चौकीपासून मागच्या तळापर्यंत टेलिफोनची तार जमिनीवर अंथरायची आणि गोळ्यानं ती तुटली की मुठीतून सरकवत सरकवत तुटल्या जागी पोचायचं, हे त्यांचं काम. एक टोक हाताला लागायचंच, ते मुठीतच असायचं. दुसरं मात्र गोळ्यानं कुठंही भिरकावलेलं असायचं, झुडपात नाहीतर खड्ड्यात. ते शोधताना माणसं मरायची.

लढाई संपली, आप्पा घरी आले. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांनी पंखे, इस्त्र्या, शेगड्या दुरुस्त करायचं दुकान टाकलं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट म्हणा. पण वस्तू तिथून निघाली की पुन्हा वर्षानुवर्षं बिघडायची नाही. त्यांच्या उजव्या खिशात सैन्यातली पक्कड असायची. तिच्या ओझ्यानं खिसा फाटायचा, म्हणून गल्लीच्या टोकाचा शिंपी त्यांच्या प्रत्येक विजारीला तेवढाच खिसा दुहेरी कापडाचा शिवायचा. हा शिंपी म्हणजे त्यांचा सैन्यातला जोडीदार. तारवाल्यांच्या जोड्या असत, एक पाळीवर तर दुसरा तळावर विश्रांतीला. हे दोघं म्हातारे झाले तरी एकमेकांना 'जोडी' म्हणूनच हाक मारत.

आप्पांना दोन पदकं होती. एक जखमेचं, एक शौर्याचं. दरवर्षी माजी सैनिकांच्या मेळाव्याला ती छातीवर लावून जायचे आणि आल्यावर रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायचे. त्यांची मिजास एवढीच.

यंदाच्या मेळाव्याला दारातच नवा साहेब उभा होता, हातात यादी घेऊन. पोरगेलासा, पण बोलणं चोख.

"आजोबा, तुमच्या रेकॉर्डला ही मेडलं नाहीत."

"रेकॉर्डला नसतील. छातीला आहेत."

मागं कुणीतरी हसलं. साहेब हसला नाही. "नोंद नसलेलं मेडल लावणं गुन्हा आहे. काढून ठेवा. नोंद दाखवा, नाहीतर ऑफिसात जमा करा."

सगळ्यांच्या देखत आप्पांनी पदकं काढली. बोटं टाचणीत अडकली, सदऱ्याला भोक पडलं. दारापासून तीन खुर्च्यांपलीकडे शिंपी बसला होता, छातीवर चौकी राखल्याचं पदक लावून. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

लेक नर्स होती, दवाखान्यातल्या कागदांशी रोज झगडणारी. ती चवताळली. "आप्पा, हे आपण नीट करून घ्यायचं. तुमचं तुम्हाला मिळालंच पाहिजे."

"जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? सांडलेलं दूध आहे का ते?"

मग रेकॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. लांबलचक खोली, एका बाजूला बाकडी, दुसऱ्या बाजूला काचेमागं कारकून. काचेला खाली अर्धगोल भोक, त्यात तोंड घालून बोलायचं. अभिमानी माणसाला वाकवायलाच ते पाडलंय असं आप्पांना वाटायचं.

"ज्या दिवसाचं पदक म्हणता, त्या दिवशी तुम्ही तळावर विश्रांतीला होतात," कारकून म्हणाला.

"विश्रांतीला? खांद्यात लोखंड शिरलंय माझ्या!"

"हो, तेही आहे. तळावर जखमी."

"अहो, तळावर त्या दिवशी गोळाच पडला नाही!"

"तसं लिहून आणा."

"कुणाकडून?"

"जो त्या दिवशी तळावर होता त्याच्याकडून." कारकुनानं पान उलटलं. "आणि आणखी एक. चौकीच्या पाळीवर तुमच्या जोडीदाराचं नाव आहे. पाळी एकाची. तुमचं नाव आत घ्यायचं तर त्यांचं बाहेर काढावं लागेल."

लेकीला हे कोडं वाटलं. आप्पांना ते कोडं नव्हतं. ते त्या भोकापासून तोंड काढून सरळ झाले आणि जाऊन बाकड्यावर बसले. पुढं जायला वाट नाही आणि मागं फिरायला जागा नाही, असं त्यांना झालं.

गोष्ट अशी होती. तळावर एक फळा होता. कुणाची पाळी ते तळाचा कारकून खडूनं त्यावर लिहायचा, आणि संध्याकाळी फळ्यावरचं वहीत उतरवायचा. फळ्याला हात लावलेला त्याला खपायचा नाही. पण माणूस म्हटला की आजारपण येतं, पाय मुरगळतो. मग तारवाल्यांनी आपसात रीत पाडली होती. पाळी बदलायची तर पक्कड बदलायची. प्रत्येकाच्या पकडीच्या मुठीवर त्याचा नंबर ठोकलेला असे. ज्याच्या हातात ज्याची पक्कड, तो त्याच्या पाळीवर. आला परत की पक्कड परत. फळा आपला होता तसा.

त्या दुपारी फळ्यावर शिंप्याचं नाव होतं. चौकीचा फोन मुका झाला, आणि शिंप्याला उभंच राहता येईना. हात असे थरथरत होते की पक्कड जमिनीवर पडली. ताप म्हणा, भीती म्हणा. आप्पांनी त्याला कधी नाव दिलं नाही. त्यांनी ती पक्कड उचलली, आपली त्याच्या हातात दिली आणि तार मुठीत धरून पळत सुटले. दुसरं टोक सापडेपर्यंत खांदा फुटला होता. फोन बोलू लागला, चौकी वाचली. चौकीवरच्या साहेबानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं आपल्याकडून वर कळवलं, आणि पुढं एका कवायतीत आप्पांच्या छातीवर पदक लागलं. पण तो साहेब दुसऱ्या तुकडीचा. आप्पांची तुकडी नंतर मोडून भलत्याच तुकडीत मिसळली, तो कागद अधेमधे कुठं राहिला देव जाणे. वहीत मात्र फळ्यावरचं नाव गेलं, आणि त्या नावावर शिंप्यालाही चौकीचं पदक आलं.

आप्पांना बेशुद्ध उचललं तेव्हा शिंप्याची पक्कड त्यांच्या मुठीत होती. ती परत करायची राहिली. करायची म्हणजे त्या दुपारचं बोलावं लागलं असतं. दोघंही बोलले नाहीत. शिंप्याचं पदक त्याच्या दुकानात शिलाई मशीनच्या वर लावलेलं असे, त्याची बायको ते रोज मऊ चिंधीनं पुसायची. आप्पा त्याखाली स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि नजर कपात ठेवायचे.

ऑफिसातून आल्यावर हे सगळं त्यांनी लेकीला सांगितलं. सांगताना ते पंख्याचं पातं पुसत होते.

"मग काकांनी खरं सांगायला नको का?" लेक म्हणाली.

"म्हातारपणी त्याला बायकोसमोर नागडा करू?"

"आणि तुम्ही सगळ्यांसमोर झालात ते?"

आप्पांनी पातं पंख्याला बसवलं. त्या दिवसापासून ते शिंप्याच्या दुकानाकडे फिरकले नाहीत. घरी जायचं तर लांबच्या वळणानं जायचे. इकडं शिंपी रोज स्टूल पुसून बाहेर ठेवायचा आणि संध्याकाळी आत घ्यायचा.

ऑफिसातून तारीख आली. आप्पांनी मनाशी ठरवलं होतं. दोन्ही पदकं रुमालात बांधली, अंगात धुतलेला सदरा घातला. लेकीला म्हणाले, "जमा करून टाकतो. मिटेल एकदाचं." ती बरोबर निघाली. तिचे डोळे लाल होते.

त्या दिवशी काचेसमोर नाही, आतल्या खोलीत बसवलं. टेबलामागं मेळाव्यातला तो साहेब, बाजूला कारकून. आप्पा रुमालाची गाठ सोडू लागले तोच दार उघडलं आणि शिंपी आत आला. धापा टाकत होता. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती.

"तू कशाला आलास?" आप्पा गुरकावले.

"तुझ्या घरी लग्न आहे का, बोलावल्याशिवाय येऊ नये असं? तारीख सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"जोडी, घरी जा."

"नाही जात. पुष्कळ दिवस घरीच होतो मी." शिंपी साहेबाकडं वळला. "साहेब, वहीत चौकीवर माझं नाव आहे. मी तळावर होतो. एका कोपऱ्यात बसलो होतो, डोक्यावर घोंगडं घेऊन. माझ्या जागी हा गेला."

आप्पांना वाटलं भिंती जवळ सरकल्या.

"पुरावा?" साहेबानं विचारलं.

शिंप्यानं पिशवीतून पक्कड काढून टेबलावर ठेवली. तेलपाणी केलेली, एकदाही न वापरलेली असावी अशी. मुठीवर नंबर होता. कारकुनानं वाकून वाचला आणि आप्पांच्या कागदाशी ताडून पाहिला. "यांचाच आहे साहेब."

"मग यांची कुठं आहे?" साहेबानं शिंप्याकडे बोट केलं. "अदलाबदल झाली तर ती तुमच्याकडे हवी, आजोबा."

आप्पांचा हात खिशावर गेला आणि तिथंच थांबला. हरवली म्हटलं की संपलं. शिंप्याचं नाव जागेवर राहतं, पदक भिंतीवर राहतं. लेक त्यांच्या खिशाकडं बघत होती. तिला ठाऊक होतं तिथं काय आहे. पण ती बोलली नाही.

"वहिनींना माहीत आहे?" आप्पांनी हळूच विचारलं.

"काल जेवताना सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पुसत मी होते, घामाघूम तुम्ही का व्हायचात?" शिंप्याच्या ओठाचा कोपरा हलला, मग चेहरा पुन्हा ओढला गेला. "जोडी, तू मला त्या दिवशी सोडवलंस. मग एवढी वर्षं बांधून का ठेवलंस? रोज समोर बसायचास, एक अक्षर बोलायचा नाहीस. मला वाटायचं, आज बोलेल, आज बोलेल. तू गप्प. एकदा तरी शिवी द्यायचीस."

आप्पांना हे कधी सुचलंच नव्हतं. आपण गप्प राहून त्याला राखतोय, असंच ते धरून बसले होते. त्यांनी खिशात हात घातला, पक्कड काढली आणि दुसरीच्या शेजारी ठेवली. ही वापरून वापरून काळी झाली होती, पण नंबर शाबूत होता.

"तुझी आहे," ते शिंप्याला म्हणाले. "पाळी संपली."

शिंप्यानं ती उचलायला हात पुढं केला.

"हात लावू नका," कारकून म्हणाला. "पुरावा आहे. जमा होईल."

"दोन्ही?"

"दोन्ही. आणि मेडलंही. यांची पण, त्यांची पण. निकाल लागेपर्यंत." त्यानं पोचपावतीचं पुस्तक पुढं ओढलं.

"निकाल कधी?" लेकीनं विचारलं.

साहेबानं पहिल्यांदाच नजर चुकवली. "कळवू. असा अर्ज आधी कुणी केलेला नाही. दोघांचं एकदम दुरुस्त करायला वरून विचारावं लागेल."

शिंप्यानं पिशवीतून आपलं पदक काढून पकडींशेजारी ठेवलं. आप्पांनी रुमाल उलगडला, पदकं टेबलावर ओतली आणि रिकामा रुमाल घडी घालून खिशात ठेवला. मग उठले.

ऑफिसाच्या पायऱ्यांवर शिंपी कठड्याला धरून उभा राहिला, त्याचे गुडघे दुखत होते. त्याच्याजवळ लेक थांबली. आप्पा मात्र थांबले नाहीत. रस्त्याच्या कडेनं, टेलिफोनच्या खांबांखालून चालत निघाले. थोडं गेले की हात उजव्या खिशाकडं जायचा, चाचपायचा आणि परत यायचा. दुहेरी कापडाचा तो खिसा पोकळ, ताठ, उघड्या तोंडाचा दिसत होता.

"आता साधा शिवावा लागेल," शिंपी म्हणाला. पण वळणावर आप्पा दिसेनासे होईपर्यंत तो बघत राहिला, आणि त्याच्या शेजारी लेकही.