मुरघासातला काळा थर

सायकलला दोन कॅन बांधून वडशाच्या हॉटेलांना दूध घालायला लागलो, तेव्हा माझ्याकडे स्वतःची एकही म्हैस नव्हती. आज अकरा आहेत. एकही कोणाच्या मेहरबानीने आलेली नाही. म्हणून कोणी मला अटी घातल्या की डोकं तापतं. त्या दिवशीही तापलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात हिरवं काही उरत नाही. धानाच्या वाळल्या तणसावर म्हशी जगतात, दूध देत नाहीत. त्यासाठी मी मुरघासाचा मका लावला होता. दाणा चिकात आला की सगळं झाड बारीक कापायचं, खड्ड्यात भरायचं, ट्रॅक्टर फिरवून दाबायचं आणि त्याच दिवशी वरून प्लास्टिक आणि माती टाकून हवा बंद करायची. आत हवा राहिली तर चारा सडतो. उभा मका कापून ट्रॉलीत कुट्टी फेकणारं यंत्र ट्रॉल्यांसकट भाड्याने आणलं होतं, आणि ते चार वाजता दुसऱ्या गावी जाणार होतं. खड्डा दाबायला ट्रॅक्टर शेजाऱ्याचा.

हा शेजारी माझं जुनं दुखणं. आदल्या वर्षी त्याने आपला मका जंगलाच्या बाजूने कापायला घेतला. आत बसलेली रानडुकरं उलटी माझ्या लाखोळीत शिरली आणि उभं पीक आडवं करून गेली. मी बोलायला गेलो तर म्हणाला, डुकरं का मी पाळली? एवढंच. चूक झाली, हा शब्द नाही.

या वर्षी उलटं होतं. माझा मका आणि जंगल यांच्या मध्ये त्याचा हरभरा, एका अंगाला जंगलात जाणारा नाला. मी रस्त्याकडून कापणी सुरू केली. दोन खेपा दाबून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की अशाने आतलं जनावर त्याच्या हरभऱ्यात निघेल. तो म्हणाला, माझ्या बांधाकडून कापत ये, नाल्याकडची बाजू मोकळी ठेव, जनावर असलं तर नाल्यानाल्याने निघून जाईल. बोलणं चुकीचं नव्हतं. पण मग ट्रॉलीला दर खेपेला लांबून वळसा पडला असता आणि चारच्या आत वावर संपलं नसतं. शिवाय ते वाक्य मी वर्षभर जपून ठेवलं होतं.

"डुकरं का मी पाळली, भाऊ?"

त्याने ट्रॅक्टर खड्ड्यावरून काढला, आपल्या बांधावर नेऊन उभा केला आणि चावी खिशात टाकली.

मला वाटलं, येईल. सौद्यात मी कधी आधी तोंड उघडत नाही. यंत्र चालू ठेवलं. ट्रॉल्या खड्ड्यात रिकाम्या होत राहिल्या आणि मी मजुरीला आलेल्या सहा बायांना कुट्टी तुडवायला लावलं. त्यातली एक म्हणाली, "आमच्यानं का दबते हे? तुमच्या म्हशीच आना न इथी." बाकीच्या हसल्या. मी तिच्यावर खेकसलो. दुपारी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब लागली. कुट्टी तापायला लागली होती.

अर्धा मका संपला आणि ड्रायव्हरने यंत्र बंद केलं. वारा अजिबात नव्हता. तरी मक्याचे शेंडे एका रेषेत हलत हरभऱ्याकडे चालले होते. डुकरं असती तर धावपळ झाली असती, आवाज झाला असता. हे एकटं होतं. थोडं जायचं, थांबायचं.

"मी पुढं नाई जात," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

पलीकडे शेजाऱ्याची बायको मक्याकडे पाठ करून, वाकून हरभरा उपटत होती. मध्ये वीसेक पावलं. यंत्राची आणखी एक फेरी झाली असती तर ते तिच्याच अंगावर निघालं असतं. सकाळपासून मीच त्याला तिकडे रेटत आणलं होतं.

ओरडायची हिंमत झाली नाही. शेजारी ट्रॅक्टरजवळ बसला होता. त्याला हात केला, मग मक्याकडे बोट दाखवलं. त्याला समजलं. तो धावला नाही. चालत गेला, बायकोला दंडाला धरून उभं केलं आणि मक्यावरची नजर न काढता दोघं उलट्या पावलांनी ट्रॅक्टरपर्यंत आली. मग त्याने ट्रॅक्टर चालू केला आणि बांधावरून सावकाश, आवाज करत फिरवला. मी ड्रायव्हरला यंत्र जागेवरच सुरू करायला सांगितलं. दोन बाजूंनी आवाज, नाल्याची बाजू मोकळी. शेंडे वळले.

निघताना ते कोणालाच दिसलं नाही. बऱ्याच वेळाने नाल्याच्या ओल्या रेतीत पंजाचा ठसा दिसला. माझ्या तळहाताने तो झाकला जात नव्हता.

पुढचा मका त्याच्या बांधाकडून कापला. चार वाजता यंत्र गेलं, नाल्याकडचा पट्टा उभाच राहिला. शेजारी न बोलावता खड्ड्यावर चढला आणि दिवस मावळेपर्यंत दाबत राहिला. माती टाकताना एकदाच बोलला.

"सकाळीच आयकलं असतं तं?"

"तुम्ही मागच्या साली आयकलं असतं तं?" मी म्हणालो.

दोन महिन्यांनी खड्डा उघडला. पिवळसर, आंबूस वासाचा चारा. म्हशी तुटून पडल्या. पण चाऱ्याच्या कापलेल्या भिंतीत मधोमध वीतभर काळा थर आहे, ट्रॅक्टर बांधावर उभा होता तेवढ्या वेळाचा. तो खाऊ घातला तर म्हशी आजारी पडतील. रोज सकाळी फावड्याने मी तो वेगळा काढतो आणि उकिरड्यावर टाकतो. हे काम दुसऱ्याला सांगत नाही.

लाखोळीबद्दल शेजारी अजून बोललेला नाही. त्याच्यासोबत वहिनी असल्या की मीही तो विषय काढत नाही.