दोन-चार मापाचा हात

मालवणातल्या निम्म्या बायकांचे हात मी हातात धरले आहेत, आणि त्यांतल्या एकीचंही तोंड मी पाहिलेलं नाही.

कुणी भलताच अर्थ काढायच्या आत सांगतो. माझ्या मामाचं मालवणच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. चौऱ्याऐंशी साली बारावीच्या परीक्षेनं मला दुसऱ्यांदा घरी पाठवलं, तेव्हा वडिलांनी नांदगावला मला एसटीत बसवलं आणि मामाच्या ताब्यात देऊन टाकलं. मामानं पहिल्याच दिवशी मला गिऱ्हाइकाच्या बैठकीसमोर बसवून एकच नियम सांगितला.

"नजर हातार ठेवची. मान वर करुची नाय. बायकोमाणसां आपल्याक विश्वासान हात देतत."

मान वर करण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात आई सोडली तर बाईमाणूस नव्हतं. चुलतबहीण आली तरी मी मागच्या दारानं विहिरीवर जात असे. असा मी, आणि समोर मालवणच्या बायकांनी पुढे केलेले हात! माझ्याच हातांना इतका घाम सुटायचा, की बांगड्या आपोआप आत सरकायला हव्या होत्या. पण माझी बोटं थरथरायची आणि बांगडी मनगटाच्या अलीकडेच अडायची.

माझं पहिलं गिऱ्हाईक बंदरावर मासळी विकणारी एक मावशी होती. तिचा हात मी दोन बोटांच्या चिमटीत धरला.

"मेल्या, घट धर," ती म्हणाली. "हात आसा तो, बांगडो न्हय."

मी घट्ट धरला. बांगडी कडकन गेली आणि मी घाबरून ओरडलो, "फुटली!"

 मावशीनं हात मागे घेतला. मामानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर लग्नात तेराव्याचा विषय काढला होता. बांगडी 'फुटली' म्हणायची नसते हे मला आईच्या तोंडून ऐकून माहीत होतं, पण ऐन वेळी आठवेल तर शपथ.

"काकण फुटणा नाय रे," मामा दात आवळून म्हणाला. "वाढता."

त्या हिशेबानं पहिल्या पंधरा दिवसांत मी मामाचं निम्मं दुकान वाढवलं. (दुकान बंद करण्यालाही 'वाढवणं'च म्हणतात. तेही लवकरच होईल असं मामीला वाटू लागलं होतं.)

आणि मग चतुर्थीच्या आठवडाभर आधी तो हात आला.

हात म्हणजे काय सांगू! सावळा, जरा कोरडा, अंगठ्याच्या मुळाशी तव्याच्या चटक्याचा कोयरीसारखा डाग. डावा हात बांगडीच्या दोन-चार मापाचा, उजवा किंचित मोठा. मी नेहमीप्रमाणे थरथरत पहिली बांगडी चढवायला घेतली. ती अडली. मी थांबलो. पुन्हा ढकलली, पुन्हा थांबलो.

"तू घाबरतंस म्हणान दुखता," वरून आवाज आला. हळू, समजावणीचा. "एकदाच ढकल. मगे दुखणा नाय."

मी डोळे मिटले आणि एकदाच ढकलली. बांगडी सुळकन मनगटावर गेली. मग दुसरी, तिसरी, डझनभर. एकही वाढली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट जमली होती, आणि ती त्या हातावर जमली होती.

"टिकतली मां पंधरा दिस?" तिनं विचारलं.

"म्हयनोभर टिकतली," मी बांगड्यांना सांगितलं. मान खालीच होती.

त्या दिवसापासून माझी भीती गेली. मामा माझ्या भरवशावर दुकान सोडून जेवायला जाऊ लागला. बंदरावरची मावशी स्वतःच्या सुना घेऊन आली. आणि मी मात्र येणाऱ्या प्रत्येक हातावर तो डाग शोधू लागलो. शिमग्याच्या आधी ती आली. मे महिन्याच्या सुरुवातीला आली. दर वेळी तेच विचारायची, पंधरा दिवस टिकतील ना? मधले दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रिकाम्या वेळी दोन-चारच्या बांगड्या काढायचो, पुसायचो आणि परत ठेवायचो. त्या मापाच्या बांगड्या इतक्या लखलखीत मालवणात दुसऱ्या कुठल्याच दुकानात नसतील.

शेवटी मी मामीला गाठलं. मामी तांदूळ निवडत होती.

"मामी, माका एक चेडू पसंत आसा."

मामीच्या हातातलं सूप थांबलं. "नाव काय तिचा?"

"म्हायत नाय."

"गाव खंयचो?"

"म्हायत नाय."

"दिसता कशी?"

"बघूक नाय."

"मगे बघलंस काय रे मेल्या?"

"हात," मी म्हणालो, आणि डागाचं इत्थंभूत वर्णन केलं.

"तव्यान भाजूक नाय असो हात मालवणात खंय आसा?" असं म्हणाली खरी, पण मामीला स्थळं शोधण्याचा नाद होता. आठ दिवसांत तिनं तारकर्लीला तसा हात असलेली मुलगी काढली. म्हणजे, तसा हात 'त्या घरात' आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्या घरात एक लग्नाची मुलगी होती. एवढं जुळल्यावर मामी कशाला थांबते?

मी, मामा, मामी आणि नांदगावहून खास आलेले वडील अशी आमची वरात तारकर्लीला पोहोचली. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. सगळे तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी एकटा कपाच्या कानाकडे पाहत होतो. गोरा, गुबगुबीत, दोन-सहाचा हात. डाग नाही. 

इतक्यात आतल्या दाराच्या पडद्यामागून खटखट्या लाडवांची बशी धरलेला एक हात बाहेर आला. सावळा. अंगठ्याच्या मुळाशी डाग.

मी ताडकन उठलो. माझ्या मांडीवरचा कप वडिलांच्या धोतरावर उलटला.

"हीच ती!" मी म्हणालो.

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "ती माझी सून."

मामानं माझा दंड धरून मला खाली बसवलं आणि कानाशी येऊन विचारलं, "तिका काकणां कसली भरलंस?"

"हिरवी."

"दर खेपेक?"

"दर खेपेक."

"हिरवी काकणां कोण भरता रे?"

शेंबडं पोर सांगेल, लग्न झालेल्या बायका. मी वर्षभर बांगड्यांच्या दुकानात बसून, स्वतःच्या हातांनी तिला तीन वेळा हिरवा चुडा भरला होता आणि हात सोडून काही पाहिलं नव्हतं. चतुर्थी, शिमगा, मे महिना. तिचा नवरा मुंबईला होता, आणि तो पंधरा दिवसांच्या रजेवर यायच्या आधी ती बांगड्या भरायला येत होती. माझ्यासारखीच तीही दिवस मोजत होती, फक्त दुसऱ्या माणसासाठी.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या दुकानाची सगळी अब्रू त्या एका नियमावर उभी होती. तो हात जोडून उठला, तेवढ्यात पडद्यामागून तोच आवाज आला.

"त्येका कोणी बोलू नकात. तेना कधी मान वर करूक नाय. मी बघी होतंय."

मुलीचे वडील हसले. मग सगळेच हसले, माझ्या वडिलांनी धोतर झटकलं आणि चहा पुन्हा आला. मुलीनं मात्र त्याच दिवशी आतून निरोप पाठवला, "वहिनीचो हात बघून इलेलो घोव माका नको." तिचं काही चुकलं नाही.

वहिनी त्यानंतर दुकानात आली नाही. मी पुढे चार वर्षं मामाकडे होतो. दर चतुर्थीच्या आधी दारात सावली पडली की मी दोन-चारच्या बांगड्या पुढे काढायचो. ती मला पाहत होती आणि मी तिला एकदाही पाहिलं नाही, ही चुटपुट अजून जात नाही. आज ती रस्त्यात समोरून आली तरी मी ओळखणार नाही. तिनं माझी भीती घालवली एवढं तरी तिला सांगायला हवं होतं.

परवा हे सगळं लिहून बायकोला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चाळीस वर्सां झाली तरी तुमका तिचा माप पाठ आसा. माझा माप सांगा बघू."

"दोन-सहा," मी ठोकून दिलं.

"मी काचेची काकणां घालूची सोडून बारा वर्सां झाली," असं म्हणत तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. खरंच, एका हातात सोन्याची एक बांगडी आणि दुसऱ्यात छानसं घड्याळ.

विषय बदलावा म्हणून मी कौतुकानं विचारलं, "घड्याळ बरा आसा गो. कोणी दिल्यान?"

"तुमी," ती म्हणाली.