कावळे शिवत नव्हते

कारगिलच्या वर्षी जव्हारला आमच्या चाळीत मी एक नियम केला. शेवटच्या खोलीतली मुलगी दिसली की रेडिओ, टीव्ही बंद. तिचे वडील फौजेत, तिकडेच वर कुठेतरी होते आणि ती तिसरीत. बातम्यांतल्या तोफा, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या तिच्या नजरेस पडू नयेत, एवढंच मनात होतं. मी जवळच्या साखरशेत गावच्या शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे नियम करायची खोड जुनीच. तिची आई म्हणाली, "बाई, तुम्ही आहात म्हणून बरं." मी आठवडाभर हवेत होते.

चाळीने नियम चोख पाळला. ती ओट्यावर आली की एकेक खोली मुकी व्हायची. पेपर गादीखाली जायचा, बोलणाऱ्या बायका खाली मान घालून तांदूळ निवडायला लागायच्या. आमच्याकडे जुलैत ढग सरळ घरात शिरतात, समोरची खोली दिसत नाही. त्या धुक्यातून ती चालत यायची आणि ती जाईल तिथला आवाज मरायचा. माझ्याही अंगावर कधी कधी काटा यायचा, पण पोर सुखात आहे ना, अशी मी मनाची समजूत घालायची.

सुखातच दिसत होती. रडत नव्हती, काही विचारत नव्हती. दुपारी शाळेतून आली की मागच्या कठड्यावर थोडा भात ठेवायची, असं शेजारणी कौतुकाने सांगायच्या. पाखरांची माया आहे हो तिला.

एकदा एसटी लवकर मिळाली आणि मी दुपारीच घरी आले. मागे वाळत घातलेले कपडे काढायला गेले, तर ती कठड्यापाशी हात जोडून उभी. समोर भाताचा गोळा आणि त्यावर काळे तीळ. तीळ पाहून मी जागच्या जागी थांबले. आंब्यावर पाच-सहा कावळे भिजत बसले होते. एकही ओरडत नव्हता, एकही खाली येत नव्हता.

"काय चाललंय गं?"

"शिवत नाहीत, बाई," ती हळूच म्हणाली. "बाबांची काहीतरी इच्छा राहिली असंल."

"बाबा गेले, असं कोण म्हणालं तुला?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पलीकडचे आजोबा गेले तेव्हा पण सगळ्यांनी टीव्ही बंद ठेवला होता. आईला नका सांगू. तिला कोणी सांगितलं नाही अजून."

आजोबा वारले तेव्हा दहा दिवस चाळीत टीव्ही लागला नव्हता, तोही माझाच नियम. दहाव्याला ही आईचा पदर धरून उभी होती. महिनाभर हे पोर आईला कळू न देता, एकटं बापाचा दहावा करत होतं. माझी मलाच लाज वाटली.

मी तिला हाताला धरून तिच्या घरी नेलं, आईला सगळं सांगितलं आणि रेडिओ मोठ्याने लावला. आईने वडिलांचं पत्र वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे आधीचं असंल." दुसऱ्या दिवशी कठड्यावर पुन्हा भात होता.

दिवाळीत वडील आले. लख्ख ऊन होतं, सगळी चाळ ओट्यावर जमली. त्यांनी हात पसरले, पण ती दारातून हलली नाही.

"बूट काढा," ती म्हणाली.

त्यांनी हसत काढले.

"मोजे पण."

तेही काढले. ती खाली बसली. भुताची पावलं उलटी असतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तिने बोटं पाहिली, मागे जाऊन टाचा पाहिल्या, मग एक बोट टाचेला लावून पाहिलं. ओट्यावर कुणी हसलं नाही.

वडिलांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बाई, हिला कुणी काय सांगितलं?"

कुणीच काही सांगितलं नव्हतं.