आत्याला न विचारता ठेवलेलं नाव

फुआतिनो तापट आहे, हे सावाई बेटावरच्या आमच्या गावात पाद्रीबुवांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पण त्या दुपारी विणायची चटई टाकून ती ज्या तिरीमिरीने उठली, ते काही नेहमीचं तापणं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर पोरं मोबाइलला चिकटून बोंबलत होती, "मार! तोफामालूला मार! मेला, मेला तोफामालू!"

तोफामालू ही तिच्या घराण्याची पदवी. ती कुणाला जन्माने मिळत नाही. सगळं घराणं जमतं, भांडतं, रुसतं, आणि एकमत झालं की अवा नावाच्या मुळीचं पेय फिरवून ते नाव एका माणसाला देतं. त्या दिवसापासून त्याला आधीच्या नावाने कुणी हाक मारत नाही. फुआतिनोचा थोरला भाऊ हे नाव घेऊन जगला आणि गेला. तेव्हापासून नाव रिकामं होतं, कारण आमच्याकडे बहिणीच्या शब्दापुढे भावांचं काही चालत नाही आणि फुआतिनो कुणालाच हो म्हणत नव्हती. धाकटा भाऊ सेमिसी त्यासाठी ऑकलंडहून आला, तर "घराण्याची सेवा केली नाहीस, नाव कसलं मागतोस?" म्हणून तिने त्याला वाटेला लावलं. तो तिकडेच वारला.

आणि आता हा खेळ. राक्षस, जादूच्या तलवारी, समुद्रातून उठणारे डोंगर; एकाने नायक व्हायचं, दुसऱ्याने राक्षस, आणि एकमेकांना मारायचं. बनवणारा कोण, तर सेमिसीचाच मुलगा तानिएलू. फुआतिनोने पोरांना झाडूने पिटाळलं आणि ती तानिएलूच्या नाताळच्या फेरीची वाट बघत बसली.

नाताळला तानिएलू ऑकलंडहून आला. खोक्यातलं सामान उतरवलं आणि खांबाला टेकून हसत म्हणाला, "आत्या, माझा खेळ बघितलास का?"

"आधी खाली बस. मोठी माणसं बसलेली असताना उभ्याने बोलायला तू काय नारळाचं झाड आहेस?"

तो मुकाट्याने मांडी घालून बसला.

"नाव कुणाला विचारून ठेवलंस?"

"अगं, बाकीचे लोक आपल्या बेटांवर खेळ काढतात आणि चार अक्षरं जुळवून काहीतरी ठोकून देतात. कुठल्याच बेटावरचं नसतं ते. मी म्हटलं, आपल्या नायकाला खरं नाव हवं. तोफामालूपेक्षा भारदस्त काय आहे?"

"मी विचारलं, कुणाला विचारलंस?"

"नावच तर आहे, आत्या."

फुआतिनोच्या मस्तकात तिडीक गेली. "नावच? माझा भाऊ ते मिळायच्या आधी अर्धं आयुष्य दुसऱ्यांची पानं वाढत होता! स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवायचा. आणि तू ते गावभरच्या शेंबड्यांना वाटलंस. बटण दाबलं की तोफामालू, दाबलं की मेला, परत दाबलं की परत तोफामालू! लाज कशी नाही वाटली रे?"

आता तानिएलूचाही बांध फुटला. "आणि माझ्या बाबांना काय दिलंस तू? कारखान्यात रात्रपाळ्या करून या डोक्यावरच्या छपराचे पैसे त्यांनी पाठवले. ती सेवा नव्हती? मरेपर्यंत त्या नावाकडे डोळे लावून बसले होते. तू देणार नव्हतीस, म्हणून मी दिलं. नीट बघ एकदा." त्याने पिशवीतून लॅपटॉप काढून तिच्यापुढे सरकवला.

फुआतिनोने आजवर नुसतं नाव ऐकलं होतं, पडद्याकडे पाहिलं नव्हतं. तिथे तलवार घेऊन सेमिसी उभा होता. तसंच रुंद कपाळ, तसाच किंचित वाकडा ओठ. ती पडद्याजवळ वाकली. मग बोलली तेव्हा आवाज खाली होता, आणि तोच जास्त भीतीदायक होता.

"म्हणजे बापाला नाव दिलंस, आणि पोरांच्या हातून मारायला उभं केलंस."

"खेळात सगळेच मरतात, आत्या. परत उठतात."

"बदल. आत्ताच्या आत्ता. चेहरा माझा लाव, नावही माझं घाल. ते माझ्या एकटीचं आहे, त्यासाठी घराण्याला विचारायला नको."

तिचा फोटो त्याच्याकडे होता. मान खाली घालून तो कितीतरी वेळ बोटं चालवत राहिला. शेवटी पडद्यावर फुआतिनो उभी राहिली, पिकल्या केसांची, हातात तलवार. तिच्यासमोर राक्षस, तानिएलूच्या हुकमातला.

"आता मार."

तानिएलूने बटणावर बोट ठेवलं. ते दाबवेना.

"मार की! बापाला मारताना हात नाही आखडला, आता का आखडतो?" ती ओरडली. शेजारच्या घरातली माणसं जेवायची थांबली. "त्याला मीच झुरवून मारलं, असं तिकडे सगळ्यांना सांगतोस ना? मग मार! मीही उठेन परत!"

तानिएलूने बोट काढून घेतलं. पण तिचं ओरडणं थांबलं नाही. "मार" म्हणता म्हणता ती धाकट्या भावाला हाका मारायला लागली, आणि सेमिसी म्हणून नाही, तोफामालू म्हणून.