नाताळचा कोंबडा

शेलूबाजारच्या स्टँडवरचा तो ख्रिस्ती पंक्चरवाला, बापाचीच मोटारसायकल विकून पळालेल्या आपल्या पोराला रोज शिव्या द्यायचा. "येऊ दे, तंगडंच तोडतो!" पण जीप थांबली की हातातली ट्यूब सोडून उतरणारा प्रत्येक चेहरा पाहायचा.

"घरात घेऊ नको त्याले," असं मी शेजारचा वडीलधारा म्हणून बजावलं होतं. पुढे गावभर मात्र सांगत आलो, की बापाची समजूत मीच घातली. ते खोटं आहे.

पोरगा उतरला तेव्हा बाप पाना घेऊनच धावला. आम्ही डोळे मिटले. उघडले तर मिठी, आणि पोराच्या शर्टावर काळे पंजे.

"बाबा, मी चुकलो..."

"ते मंग सांग. जेवला काय?"

नाताळासाठी राखलेला कोंबडा त्याच दिवशी कापला. मला वाढताना म्हणाला, "काका, तुमचं आयकलं. घरात नाही घेतला, अंगणातच जेवू घालून राह्यलो."

मी मान खाली घालून आणखी रस्सा मागितला.